मांड बसेपर्यंत

पहिल्याच संध्याकाळी गाडीने मला डोळा मारला.

झाले असे, की गाडी घरापुढे लावली, दिव्यांचे बटण बंद केले, आणि उजवीकडचा दिवा शहाण्या मुलासारखा बोनेटच्या आत जाऊन झोपला. डावीकडचा मात्र टक्क उघडा राहिला. त्या काळच्या काही स्पोर्ट्स गाड्यांचे पुढचे दिवे असे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येत आणि काम संपले की आत जात. मी पुन्हा बटण दाबले. दोन्ही वर. पुन्हा बंद केले. उजवा आत, डावा माझ्याकडे पाहतो आहे! शेजारचे गृहस्थ कुत्र्याला फिरवून परत येत होते. त्यांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दुसऱ्याच्या फजितीकडे काणाडोळा करण्याच्या खास इंग्रजी रीतीने हवेबद्दल दोन शब्द बोलून ते घरात गेले. दारात उभ्या असलेल्या आमच्या सौभाग्यवतींवर मात्र असे कसलेच बंधन नव्हते.

"अहो, अडीच हजार पौंडांत एकच डोळा मिटतो का?" त्यांनी विचारले.

वयाची साठी गाठल्यावर, नोकरीतून मोकळे झाल्यावर, मुले आपापल्या घरी गेल्यावर माणसाने काय करावे याचे काही संकेत आहेत. तीर्थयात्रा कराव्यात, गुडघ्यांची काळजी घ्यावी, फार तर बागेत गुलाब लावावेत. मी गेल्या सप्टेंबरात एक लाल रंगाची, दोनच माणसे बसतील अशी, कापडी टपाची, १९९१ सालची स्पोर्ट्स गाडी घेतली. जपानच्या माझदा कंपनीची 'एमएक्स-५'. अर्थातच सेकंडहँड, माझ्या आधी तिचे पाच मालक होऊन गेले होते.

हीच गाडी का, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. आम्ही राहतो ते कॉव्हेंट्री शहर म्हणजे ब्रिटिश मोटार उद्योगाचे माहेरघर. इथल्या कॅनली भागातल्या कारखान्यात 'ट्रायम्फ हेराल्ड' तयार होई. तीच गाडी १९६१ पासून 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने मद्रासला बनू लागली आणि तिथून फिरत फिरत, दोन मालक करून, १९७०च्या दशकात पुण्याला आमच्या अंगणात आली. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती एकुलती एक मोटार. तिचे बोनेट पुढच्या मडगार्डांसकट सगळेच्या सगळे पुढे उघडे. ते उघडले, की आम्ही मुले पुढच्या चाकावर बसून अण्णांची दुरुस्ती पाहत असू.

त्याच हेराल्डच्या सांगाड्यात थोडे फेरफार करून कॅनलीच्या मंडळींनी १९६२ मध्ये 'स्पिटफायर' नावाची उघडी, दोन माणसांची छोटी स्पोर्ट्स गाडी काढली. म्हणजे आमच्या हेराल्डची ती नटवी चुलत बहीणच. अशा स्वस्त आणि खेळकर गाड्या ही तेव्हा इंग्लंडची खासियत होती. पण १९८० साली स्पिटफायर बंद झाली, त्याच वर्षी 'एमजीबी'ही बंद झाली आणि ती परंपराच खुंटली.

ती पुन्हा सुरू झाली ती जपानमुळे. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोटो यांच्याकडे अशा साध्या, उघड्या गाडीचा विषय काढला. यामामोटोंनी पुढे हाकोनेच्या घाटात एक स्पिटफायर चालवून पाहिली आणि त्यांना ती कल्पना पटली, असे या गाडीच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. आराखडा कॅलिफोर्नियात झाला, चालता नमुना इंग्लंडमधल्या वर्दिंग गावी बांधला गेला आणि गाडी तयार होऊ लागली हिरोशिमात. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. १९९७ पर्यंत पहिल्या घडणीच्याच चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स गाडी म्हणून २००० साली गिनेस बुकात तिची नोंद झाली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली.

म्हणजे पाहा, अण्णांच्या हेराल्डची बहीण स्पिटफायर, आणि स्पिटफायरची ही मानसकन्या. नात्यातलीच गाडी घरात आणली, असे मी सौभाग्यवतींना समजावून सांगितले. "नात्यातलं स्थळ असलं तरी पत्रिका बघतात," त्या म्हणाल्या.

पत्रिका मी पाहिली होती. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि तिचे निकाल सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. गाडी किती मैल चालली, कधी नापास झाली, तपासनिसाने कशाकडे लक्ष ठेवायला सांगितले, सगळे तिथे असते. माझ्या गाडीच्या कागदावर लागोपाठ तीन वर्षे एकच शेरा होता: दाराखालच्या उंबरठ्याच्या पत्र्याला गंज, मजबुतीला तूर्त धोका नाही. चौथ्या वर्षी तो शेरा नाहीसा झाला होता. मला केवढा आनंद झाला! मी आयुष्यभर यंत्रांच्या कारखान्यात नोकरी केली. गंज आपोआप बरा होत नाही, हे मला शाळकरी वयापासून माहीत आहे. पण लाल रंगावर मन जडलेल्या माणसाला शाळेतले काही आठवत नाही.

कारण पहिली भेटच तशी होती. या गाडीत बसायचे म्हणजे जमिनीवर मांडलेल्या पाटावर बसल्यासारखे. आधी पाठ आत, मग एकेक पाय. एकदा बसले की गिअरचा दांडा आपोआप हाताखाली येतो. तो इतका आखूड, की मनगट हलवले की गिअर पडतो. इंजिन १६०० सीसीचे, ताकद सुमारे ११५ अश्वशक्ती. आजच्या हिशेबात काहीच नाही. पण गाडीचे वजन जेमतेम साडेनऊशे किलो, म्हणजे आपल्या अँबॅसिडरपेक्षाही कमी. त्यामुळे ती पळते कमी आणि वळते फार. टप मागे टाकला, की कापलेल्या गवताचा, बेकरीचा, पुढच्या लॉरीच्या धुराचा, सगळा वास आत. ताशी ४० मैलांना ७० चा भास होतो. निवृत्त माणसाच्या पोटाला आणि परवान्याला हे फार सोयीचे.

ही गाडी घडवणाऱ्यांनी स्वतःपुढे एक जपानी शब्द ठेवला होता, 'जिंबा इत्ताई'. घोडा आणि स्वार एकजीव होणे. धावत्या घोड्यावरून बाण मारण्याच्या त्यांच्या जुन्या विद्येतली ही कल्पना आहे. आपल्याकडे त्याला मांड बसणे म्हणतात. पण मांड काही पहिल्या दिवशी बसत नाही. नव्या घोड्याच्या खोड्या आधी कळाव्या लागतात. माझ्या गाडीने त्या पहिल्या पंधरवड्यातच दाखवायला सुरुवात केली.

सकाळी गार इंजिन सुरू केले, की कुणी टाइपरायटरवर अर्ज टाइप करीत असल्यासारखी कट्‌कट् येई. पाच मिनिटांनी अर्ज संपे. पहिल्या दिवशी माझ्या छातीत धस्स झाले. मग कळले, की या इंजिनातले टॅपेट तेलाच्या दाबावर स्वतःची फट स्वतः भरतात. तेल जुने झाले की त्यांना भरायला वेळ लागतो आणि तोवर ते कुरकुरतात. तेल आणि फिल्टर बदलला, कट्‌कट् निम्म्यावर आली. दुसरी धास्ती तेलाच्या दाबाच्या काट्याची. या सुरुवातीच्या गाड्यांत काटा खरा दाब दाखवतो. त्यामुळे गरम इंजिन सिग्नलला थांबले, की तो खाली येतो आणि नव्या मालकाचा चेहराही त्याच्याबरोबर उतरतो. गाडी निघाली की दोघेही वर. सकाळचा दुसरा गिअर गारठ्यात नाराज असे. त्याला दोन मैल सवड दिली, की तोही लोण्यासारखा पडे. खिडकीची काच वर चढायला इतका वेळ घेई, की खालून कुणीतरी पोहऱ्याने ओढतो आहे असे वाटावे. सरकत्या पट्ट्या पुसून तेल दिले, तीही सुधारली. टपाच्या मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीला वयाने पिवळेपणा आला होता. तिच्यातून मागची प्रत्येक गाडी धुक्यातून येतेसे वाटे.

आणि तो डोळा! या दिव्याच्या मोटरवर रबरी टोपीखाली एक छोटी मूठ असते. ती फिरवून दिवा हातानेही वरखाली करता येतो. ती फिरवता फिरवता मला तारांची जोडणी दिसली. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पॉलिश पेपरने घासल्या, पुन्हा बसवल्या आणि बटण दाबले. दोन्ही डोळे मिटले. डावा उजव्यापेक्षा क्षणभर उशिरा, पण मिटला. मी विजयी मुद्रेने घरात गेलो.

यात कारखान्याचा दोष काढण्यात अर्थ नव्हता. तिशी ओलांडलेल्या यंत्राचे सांधे बोलणारच, माझेही बोलतात. खरे म्हणजे हे सगळे दोष मला आवडू लागले होते. प्रत्येकाचा आवाज होता, प्रत्येकाला उपाय होता आणि प्रत्येक उपायानंतर चहा होता. पण जो दोष खरा होता तो आवाज करत नव्हता. तो मला कळलाच नाही. तो कळला आमच्या घरात.

ऑक्टोबरातल्या एका पावसाळी दुपारी सौ. बाजारात जायला गाडीत बसल्या आणि नाक वर करून म्हणाल्या, "कुबट वास येतोय."

"जुन्या गाडीला वास असतोच," मी म्हटले.

"जुना वास वेगळा. हा पाणी मुरल्याचा वास आहे. आमच्या घरी श्रावणात माजघराच्या भिंतीला यायचा तस्सा."

त्यांचे माहेर रत्नागिरीकडचे. तिथे पाण्याशी बोलायला माणूस लहानपणीच शिकतो. त्यांनी आसनामागचा गालिचा दाबला, हात ओला झाला. मग त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि घराची पाहणी करावी तसा टप पाहिला. "या छपराचं पाणी जातं कुठे?" त्यांनी विचारले. मला सांगता येईना. "छप्पर आहे म्हणजे पन्हळ असणार. पन्हळ आहे म्हणजे तिच्यात पानं अडकणार. आमचे आप्पा मिरगाच्या आधी शिडी लावून पन्हळी साफ करून घ्यायचे ते काय उगीच?"

पुस्तक उघडून पाहिले, तर शब्द न् शब्द खरा! कापडी टपाच्या मागच्या कडेला खरोखरच एक पन्हळ असते. तिच्यातले पाणी आसनांमागच्या दोन भोकांत जाते आणि तिथून गाडीच्या पोटातून खाली रस्त्यावर पडते. भोके तुंबली की पाणी गालिच्यात, आणि त्याहून वाईट म्हणजे उंबरठ्याच्या पोकळ पत्र्यात साठते. भोकात टोकदार तार घालू नये, आतली नळी फाटते, असेही लिहिले होते. सौ.नी न्हाणीघराच्या खिडकीचा पडदा काढला आणि त्यात ओवलेली प्लॅस्टिकच्या वेष्टणाची स्प्रिंग माझ्या हातात दिली. ती हलकेच आत सरकवत गेलो. वीतभर गेल्यावर काहीतरी मऊ लागले, थोडे फिरवले, आणि मागच्या चाकापुढे गाडीखाली भसकन काळे पाणी पडले. त्यात कुजलेली पाने होती, मॅपलचे एक पंख असलेले बी होते. किती वर्षांचे, कोण जाणे. पाच मालकांपैकी कुणी गाडी झाडाखाली उभी करीत असणार.

पाणी गेले. पण पाणी बाहेर पडले त्या जागी मी पहिल्यांदाच वाकून पाहिले. उंबरठ्याच्या मागच्या टोकाला लाल रंगाखाली दोन फुगवटे होते, भाजणीच्या थालीपिठावर येतात तसे. मी ते पाहिले आणि उठून हात धुतले. त्याबद्दल घरात बोललो नाही.

नोव्हेंबरात क्लचने दगा दिला. शहराभोवतीच्या रिंग रोडवर इथे आत येणारे आणि बाहेर पडणारे एकाच पट्ट्यात एकमेकांना ओलांडतात. तिथे विचार करायला फुरसत नसते. बाहेर पडून चौकात थांबलो, क्लच दाबला आणि पाय थेट तळाला गेला. परत वर आलाच नाही. मागे बस. शेजारी सौ. लहानपणी कात्रजच्या घाटात अण्णा करीत तसे काहीतरी पायांना आठवले असावे. पेडल बुटाने वर उचलून भराभर पंप केले, तेवढ्यापुरता दाब आला, गिअर पडला आणि कसाबसा गाडी कडेला घेऊ शकलो. दोष होता वीसेक पौंडांच्या खालच्या सिलिंडरातल्या झिजलेल्या रबराचा. त्यातून तेल थेंब थेंब गळून डबी रिकामी झाली होती. बोनेट उघडून डबी पाहायला दहा सेकंद लागतात. टॅपेटच्या कट्‌कटीमागे मी पंधरा दिवस घालवले होते. या न बोलणाऱ्या डबीकडे एकदाही पाहिले नव्हते.

गाडी दुरुस्त करणारे सरदारजी साठीच्या पुढचे. त्यांनी क्लच बसवला, गाडी वर घेतली आणि पेचकसाच्या मुठीने उंबरठा वाजवत निघाले. टण्, टण्, टण्, आणि फुगवट्यापाशी भद्. त्यांनी पेचकस उलटा केला आणि हलकेच दाबला. तो आत गेला. आत पत्रा नव्हताच, होती पुट्टी. वर रंग. "भाईसाब," ते खेदाने म्हणाले, "ये लोहा नहीं, बिस्कुट है." चौथ्या वर्षी कागदावरचा शेरा नाहीसा झाला होता, तो असा.

उघड्या गाडीला डोक्यावर पत्र्याचे छप्पर नसते. तिचा ताठपणा तळाच्या सांगाड्यावर आणि या दोन उंबरठ्यांवरच अवलंबून. ते गेले तर गाडी तपासणीत नापास, आणि अपघात झाला तर आतली माणसे... पुढचे सरदारजी बोलले नाहीत. दोन्ही बाजू कापून नवा पत्रा जोडायचे साडेसातशे पौंड. नाहीतर आहे तशी सुट्या भागांसाठी विकून टाका, गिऱ्हाईक मिळेल, म्हणाले. हिशेबाने दुसरा सल्ला बरोबर होता. हिशेब मला येतो. एकदा असाच बरोबर हिशेब मी केला होता.

तेव्हा मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. अण्णांची हेराल्ड थकली होती. दर महिन्याला काहीतरी निघे आणि अण्णा पिशवी घेऊन नाना पेठेत सुटे भाग शोधत फिरत. मी कागदावर दोन रकाने मांडून दाखवले, की ही गाडी ठेवण्यात शहाणपण नाही. अण्णांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि "बरं" म्हणाले. गाडी लोखंडाच्या भावाने भंगारात गेली. अण्णांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून मी समजलो की त्यांना काही वाटले नाही. पण रविवारी सकाळी हेराल्ड पुसायचा त्यांचा पिवळा फडका होता. तो घेऊन ते पुढे कितीतरी रविवार अंगणात जात, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा आरसा पुसत आणि परत येत. मी ते रोज दिसणाऱ्या गोष्टींसारखे पाहिले. आवाज नव्हता ना त्याला!

सरदारजींच्या गॅरेजमध्ये, तो पेचकस उंबरठ्यात रुतलेला असताना, मला तो फडका दिसला.

घरी येऊन सौ.ना सगळे सांगितले. फुगवटे आधीच पाहिले होते, हेसुद्धा. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला शेजारी बसवून महिनाभर फिरवलीत, तेव्हा ठाऊक होतं?" मी मान हलवली. या प्रश्नाला दुसरे उत्तर नव्हते आणि त्यांचा राग दोन दिवस पुरला. तो योग्यच होता. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना त्या म्हणाल्या, "घराचा उंबरठा कुजला तर घर विकतो का आपण? दुरुस्त करून घ्या. आणि यापुढे काही दिसलं तर हात धुऊन मोकळे होऊ नका."

डिसेंबरात नवा पत्रा बसला. आत मेण फवारले, पाणी जायची भोके मोकळी असल्याची खात्री करून घेतली. तपासणी झाली. गाडी पास. कागदावर एकही शेरा नव्हता, आणि या खेपेस त्या कोऱ्या जागेवर माझा विश्वास होता, कारण तिच्याखाली काय आहे ते मी स्वतः वाकून पाहिले होते.

सेकंडहँड वस्तू घेताना आपण तिचे दोष विचारतो ते किंमत पाडायला. ते समजून घ्यायचे असतात हे उशिरा कळते. कुरकुरणाऱ्या दोषांची फारशी भीती नसते. ते स्वतःच हाक मारतात. ओला गालिचा, उतरणारे तेल, एकाएकी नाहीशी झालेली तक्रार यांच्याकडे मात्र आपण होऊन जावे लागते. घरातल्या माणसांचेही तसेच, पण ते सांगायला मी मोठा अधिकारी माणूस नाही.

मार्चमध्ये एका कोरड्या सकाळी टप मागे टाकून आम्ही दोघे फॉस वे नावाच्या जुन्या रोमन रस्त्याने निघालो. हवा आठ अंश, पायांवर हीटर, सौ.च्या डोक्याला मफलर. एका वळणावर गिअर कधी बदलला ते मला कळलेच नाही. हात आणि गाडी यांनी परस्पर काय ते ठरवले होते. मांड बसली असावी. वळण संपल्यावर सौ.नी मफलर घट्ट केला आणि म्हणाल्या, "आता आवाज बरा येतोय." म्हणजे त्याही ऐकत होत्या.

पडद्याची ती स्प्रिंग न्हाणीघरात परत गेली नाही. गॅरेजमध्ये एका खिळ्याला ती टांगलेली आहे आणि दिनदर्शिकेवर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सौ.च्या अक्षरात लिहिले आहे: पन्हळ.